‘रान्मा ½’च्या जपानी कॅसेट : पार्सल उघडल्यापासून पहिल्या लढतीपर्यंत काय, कोणत्या क्रमाने करायचे

तीस वर्षं जपानमधल्या कपाटात नीट राहिलेली कॅसेट आपल्याकडे आल्यावर बिघडते, ती बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात. पार्सल फोडलं, कॅसेट खोचली, हाताला लागला तो अ‍ॅडॉप्टर लावला, पडदा काळा दिसला, मग फुंकर मारली, मग सँडपेपर आणला. यातली प्रत्येक गोष्ट चुकीच्या क्रमाने झालेली असते. म्हणून खाली दिलेला क्रम सोडू नका. आधी कोणता खेळ ते ठरवायचं, मग कन्सोल, मग वीज, मग सफाई, मग सेल, मग टीव्ही. कॅसेट चालू करणं अगदी शेवटी येतं.

हा लेख सुपर फॅमिकॉमवरच्या (निन्टेन्डोचा नव्वदच्या दशकातला जपानी गेम कन्सोल; अमेरिका-युरोपात तोच सुपर निन्टेन्डो) ‘रान्मा ½’ या रुमिको ताकाहाशींच्या चित्रकथेवरच्या खेळांबद्दल आहे. त्यांच्याच ‘उरुसेइ यात्सुरा’चे फॅमिकॉम, पीसी इंजिन आणि मेगा सीडी या इतर जपानी कन्सोलवरचे खेळ शेवटी थोडक्यात घेतले आहेत.

आधी हे सामान गोळा करा

- गेमबिट, म्हणजे निन्टेन्डोच्या खास स्क्रूंचा पाना : ३.८ मिमीचा गेमबिट (कॅसेटच्या स्क्रूसाठी) आणि ४.५ मिमीचा गेमबिट (कन्सोलसाठी)
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, १०० मिली पुरतं. दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागा
- कापसाच्या काड्या, किमान २०
- टॅब लावलेला सीआर२०३२ सेल (फक्त सेव्ह होणाऱ्या खेळासाठी)
- सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, सोल्डर शोषणारी तांब्याची वात

जखमेवर लावायचं स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझर चालणार नाही. त्यात पाणी असतं, सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीनही असतं, आणि ते पिनांवर चिकट थर सोडतं.

टप्पा १ : कोणता खेळ मागवताय ते नक्की करा

‘रान्मा’ नावाच्या सगळ्या कॅसेट एका जातीच्या नाहीत. जपानी वाचता येत नसेल तर इथेच पैसे वाया जातात.

लढतीचे खेळ तीन : ‘चोनाइ गेकितो-हेन’ (१९९२), ‘बाकुरेत्सु रान्तो-हेन’ (१९९२) आणि ‘चोगि राम्बु-हेन’ (१९९४). यांना भाषा जवळजवळ लागत नाही. मेन्यूतले चार-पाच शब्द एकदा ओळखले की झालं. ‘आकानेकोदान-तेकि हिहो’ (१९९३) हा रोल-प्लेइंग खेळ आहे. त्यात सगळं संवादांवर चालतं, जपानीशिवाय तो पुढे सरकणार नाही. ‘ओगि जानकेन’ (१९९५) हा कोड्याचा खेळ.

पहिल्यांदाच घेत असाल तर ‘बाकुरेत्सु रान्तो-हेन’ किंवा ‘चोगि राम्बु-हेन’ घ्या. त्यातही दोघांनी मिळून खेळायचं असेल तर माझं मत दुसऱ्याला.

इंग्रजीच्या आशेने अमेरिकन कॅसेट शोधणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘बाकुरेत्सु रान्तो-हेन’ अमेरिकेत १९९३ साली ‘रान्मा ½ : हार्ड बॅटल’ या नावाने आला. त्यात पात्रं तीच आहेत. ‘चोनाइ गेकितो-हेन’ मात्र तिकडे ‘स्ट्रीट कॉम्बॅट’ म्हणून विकला गेला आणि त्यातली सगळी पात्रं बदलून टाकली. खेळाचा सांगाडा तोच, पण त्यात रान्मा नाही, आकाने नाही, शाम्पू नाही. ‘हाही रान्माचाच’ असं वाचून तो घेऊ नका.

शोधताना अर्ध्याचं चिन्ह वापरून एकदा आणि ‘एक, तिरकी रेघ, दोन’ असं लिहून एकदा, असा दोनदा शोध घ्या. विक्रेते दोन्ही पद्धतींनी लिहितात. जाहिरातीतले हे जपानी शब्द ओळखायला शिका :

- *सोफुतो नोमि* : फक्त कॅसेट, खोका-पुस्तिका नाही
- *हाको-सेत्सु त्सुकि* : खोका आणि माहितीपुस्तिकेसह
- *दोसा काकुनिन झुमि* : चालवून पाहिलेली
- *देन्चि गिरे* : आतला सेल संपलेला
- *जान्कु* : तपासलेली नाही किंवा बिघडलेली, परत घेणार नाही

‘जान्कु’ म्हणजे भंगारच असं नाही. पुष्कळदा दुकानदाराकडे तपासायला वेळ नसतो एवढंच. पण पहिली कॅसेट त्यातून घेऊ नका. बिघाड कॅसेटमध्ये आहे की तुमच्या कन्सोलमध्ये, हे ओळखायला निदान एक खात्रीची कॅसेट हाताशी हवी.

तपासणी : लेबलवरचा क्रमांक ‘एसएचव्हीसी’ने सुरू होत असेल तर कॅसेट जपानी, ‘एसएनएस’ असेल तर अमेरिकन, ‘एसएनएसपी’ असेल तर युरोपीय. लेबलचा फोटो स्पष्ट नसेल तर पैसे भरण्याआधी दुसरा मागा. भारतात मागवताना सीमाशुल्क कॅसेटच्या किमतीत पाठवणीचा खर्च मिळवून लागतं, हेही हिशेबात धरा.

टप्पा २ : कन्सोल जुळतो का?

जपानी सुपर फॅमिकॉम असेल तर प्रश्नच नाही. इतर दोन बाबतींत लोक नेमकी उलटी समजूत करून घेतात.

अमेरिकन सुपर निन्टेन्डोत जपानी कॅसेट आत जात नाही, म्हणून लोक सोडून देतात. प्रत्यक्षात तिथे अडथळा फक्त प्लास्टिकचा आहे. स्लॉटच्या आत मागच्या बाजूला दोन छोटे दांडे असतात. ते निपरने कापले की कॅसेट बसते आणि चालते, कारण दोन्ही देशांची कुलूप-चिप (कॅसेट आपल्या प्रदेशाची आहे का ते तपासणारी) एकमेकींना ओळखते.

इंग्लंड किंवा युरोपातून आणलेल्या कन्सोलचं याच्या बरोबर उलट आहे. कॅसेटचा आकार तोच, त्यामुळे ती झकास बसते. चालत मात्र नाही. पाल (युरोपातली टीव्हीची रंगपद्धत) कन्सोलची कुलूप-चिप वेगळी असते आणि ती जपानी कॅसेट नाकारते. त्यासाठी दोन स्लॉटचा अ‍ॅडॉप्टर लागतो : एका स्लॉटमध्ये जपानी कॅसेट, दुसऱ्यात कोणतीही अस्सल पाल कॅसेट, कुलूप उघडून देण्यापुरती. तरीही खेळ ६० ऐवजी ५० हर्ट्झवर धावतो, म्हणजे सुमारे १७ टक्के मंद, आणि पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. लढतीच्या खेळात हा मंदपणा बोटांना लगेच कळतो. फक्त ‘रान्मा’साठी कन्सोल घ्यायचा असेल तर जपानीच घ्या.

टप्पा ३ : वीज. इथे घाई म्हणजे कन्सोल गेला

सुपर फॅमिकॉमच्या मूळ अ‍ॅडॉप्टरवर ‘एचव्हीसी-००२’ असं लिहिलेलं असतं. तो १०० व्होल्टवर चालतो आणि बाहेर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअर देतो. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट असतात. पिन बदलणारा साधा प्लग लावून तो थेट बोर्डात घातला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. प्लग फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

दोन मार्ग आहेत. पहिला, २३० वरून १०० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, ५० वॉटचा पुरे. बाजारात ११० व्होल्टचे जास्त मिळतात, पण जपानी अ‍ॅडॉप्टर त्यावर जास्त तापतो, म्हणून १०० चाच शोधा.

दुसरा मार्ग स्वस्त आणि माझ्या मते जास्त चांगला : नवा स्विचिंग अ‍ॅडॉप्टर, ९ व्होल्ट डीसी, १ अँपिअर किंवा जास्त, ५.५ × २.१ मिमीची गोल पिन, आणि मधला भाग ऋण. ही शेवटची अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आपल्याकडे राउटर आणि सीसीटीव्हीचे जे अ‍ॅडॉप्टर घरात पडलेले असतात त्यांचा मधला भाग धन असतो. पिन तंतोतंत बसते आणि ध्रुव उलटे लागतात. मग निदान आतला फ्यूज तरी उडतो.

अ‍ॅडॉप्टरवरची खूण वाचून थांबू नका, मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक पिनच्या भोकात, काळं टोक पिनच्या बाहेरच्या धातूला. आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह आलं पाहिजे : उणे ९ च्या आसपास. वजा दिसला नाही तर तो अ‍ॅडॉप्टर बाजूला ठेवा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर मोकळा असताना १३-१४ व्होल्टही दाखवतो. ते नैसर्गिक आहे, कन्सोल जोडला की खाली येतो. स्विचिंग अ‍ॅडॉप्टरने मात्र मोकळं असतानाही ९ च दाखवायला हवेत.

‘१२ व्होल्टचा आहे, चालेल का?’ नको. कन्सोलमधला रेग्युलेटर शेवटी ५ व्होल्ट करतो आणि वरचे सगळे व्होल्ट उष्णतेत घालवतो. समजा ०.७ अँपिअर प्रवाह आहे : ९ व्होल्टवर ४ × ०.७, म्हणजे २.८ वॉट उष्णता. १२ व्होल्टवर ७ × ०.७, म्हणजे ४.९ वॉट. आपल्या एप्रिल-मेच्या हवेत तेवढी उष्णता त्या बंद डब्यात कोंडून ठेवायची नाही.

इशारा : अमेरिकन एनईएसचा (फॅमिकॉमचा अमेरिकन अवतार) अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचाच असतो, पण एसी देतो. पिनही बसते. तो सुपर फॅमिकॉमला किंवा फॅमिकॉमला कधीही लावू नका.

टप्पा ४ : कॅसेट उघडणं

पुढच्या बाजूला खाली दोन स्क्रू असतात. ३.८ मिमीचा गेमबिट सरळ उभा धरा, दाब देऊन फिरवा. बॉलपेनची नळी तापवून स्क्रूवर दाबायची युक्ती सगळीकडे दाखवतात. त्यात स्क्रूच्या विहिरीचं प्लास्टिक वितळतं आणि पुन्हा तो स्क्रू नीट बसत नाही. थोडेसे पैसे वाचवण्यासाठी हे करू नका.

स्क्रू निघाले की खालची बाजू हलकेच उचला. वरच्या बाजूला आत आकडे असतात, ते आपोआप सुटतात. वरून चाकू घालाल तर आकडे तुटतील.

आत, बोर्डाच्या खालच्या कडेची पिनांची पट्टी बघा. ‘रान्मा’च्या साध्या कॅसेटच्या पट्टीवर फक्त मधल्या भागातच पिना दिसल्या आणि दोन्ही बाजूंचे छोटे भाग रिकामे असले तर घाबरू नका. ते बाजूचे संपर्क जादा चिप असलेल्या खेळांसाठी असतात. पिना तुटलेल्या नाहीत. मात्र बोर्डावर काळ्या चिपऐवजी काळ्या डिंकाचा गोळा थापलेला दिसला तर कॅसेट नक्कल आहे.

टप्पा ५ : सफाई

कापसाची काडी आयपीएत बुडवा, थेंब झटका. बोर्डाकडून कडेकडे, म्हणजे पिनेच्या लांबीच्या दिशेने, एकाच बाजूला ओढा. आडवं घासलं तर कापसाचे तंतू पिनांच्या कडांत अडकतात. पहिली काडी करडी-काळी येईल, दुसरी फिकट. काडी पांढरी राहीपर्यंत करायचं, दोन्ही बाजूंना. एका कॅसेटला सहा ते आठ काड्या लागतात. मग १५ मिनिटं उघड्यावर वाळू द्या.

डाग तरीही राहिला तर पांढरा मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने, चार-पाच वेळा, आणि लगेच पुन्हा आयपीए. निळा-लाल शाईचा खोडरबर, सँडपेपर, भांडी घासायची घासणी किंवा पितळेची पॉलिश यांना हात लावू नका. पिनांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत तिथे हिरवट थर चढायला लागतो. मग कॅसेट दर महिन्याला साफ करावी लागते.

फुंकर मारायची सवय आपल्या पिढीला टीव्ही गेमच्या दिवसांपासून आहे. फुंकरीने कॅसेट ‘चालते’ ती बाहेर काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतला ओलावा पिनांवर राहतो तो वेगळाच.

कन्सोलचा स्लॉटही मळलेला असतो. नुकत्याच साफ केलेल्या कॅसेटच्या पट्टीला आयपीएचा पातळ हात द्या आणि वीज तोडलेली असताना ती आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. काढून पट्टी पुन्हा पुसा. तासाभराने चालू करा.

टप्पा ६ : सेल (फक्त सेव्ह होणाऱ्या खेळासाठी)

‘आकानेकोदान-तेकि हिहो’मध्ये सेव्ह आहे आणि ती सेलवर तगते. कॅसेट उघडल्यावर गोल सेल दिसला नाही तर हा टप्पा सोडा.

सेलवर मल्टिमीटर लावा. नवा सीआर२०३२ ३ व्होल्टच्या थोडा वर असतो. २.६ च्या खाली आला असेल तर बदला. त्याआधी ठरवा, की आतली जुनी सेव्ह हवी आहे का. सेल काढला की ती जाते. आधीच्या मालकाने अर्ध्यावर सोडलेला खेळ काहींना जपून ठेवावासा वाटतो. तसं असेल तर कार्ट रीडरने ती आधी संगणकावर उतरवून घ्या. चालू सर्किटला बाहेरून ३ व्होल्ट देऊन सेल बदलायची पद्धत आहे, पण पहिल्यांदा सोल्डर करणाऱ्याने ती करू नये.

क्रम असा :

१. बोर्डावरचं धन-ऋण चिन्ह आणि जुना सेल यांचा फोटो काढा.
२. आयर्न ३५० अंशांवर ठेवा. जुन्या सेलची टॅब बोर्डाच्या बाजूने सोडवा. टॅब सेलला वेल्ड केलेली असते, ती उपटू नका.
३. छिद्रातलं जुनं सोल्डर तांब्याच्या वातीने उचला.
४. टॅबवाला नवा सेल फोटोशी ताडून बसवा. एका जोडाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न टेकवू नका.
५. बोर्डावर, सेलच्या दोन टोकांमध्ये पुन्हा मोजा : ३ व्होल्ट.

इशारा : साध्या, टॅब नसलेल्या सेलवर थेट सोल्डर करू नका. आतला लिथियम तापतो आणि सेल फुटू शकतो. एलआयआर२०३२ हा चार्ज होणारा सेल दिसायला तसाच असतो, पण त्याचं व्होल्टेज जास्त असतं. तोही नको.

तपासणी : खेळ सुरू करून सेव्ह करा, वीज बंद करा, कॅसेट काढून एक पूर्ण दिवस बाजूला ठेवा, मग बघा. पाच मिनिटांनी सेव्ह दिसली तर त्यावरून सेलची खात्री होत नाही.

टप्पा ७ : टीव्ही

अँटेनाची वायर विसरा. जपानी आरएफचे (अँटेनाच्या वायरीतून जाणाऱ्या चित्राचे) चॅनेल ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. आपल्या टीव्हीचे नेहमीचे चॅनेल तिथे नाहीत. एव्ही केबल वापरा. सुपर फॅमिकॉम, निन्टेन्डो ६४ आणि गेमक्यूब यांचं एव्ही सॉकेट एकच, त्यामुळे त्यांपैकी कुठलीही साधी पिवळी-पांढरी-लाल केबल चालते. आरजीबी (लाल-हिरवा-निळा रंग वेगवेगळा नेणारी) केबल घेणार असाल तर ती जपानी-अमेरिकन कन्सोलसाठीचीच हवी. पाल कन्सोलची लावलीत तर चित्र नीट येत नाही.

जुन्या, फक्त पाल घेणाऱ्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर सरकत राहतं. पाहणाऱ्याला वाटतं कॅसेट खराब. टीव्हीच्या मेन्यूत रंगपद्धत ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी’ (जपान-अमेरिकेची पद्धत) करा. नव्या सपाट टीव्हीवर ‘गेम मोड’ लावा, नाहीतर बटण दाबणं आणि ठोसा बसणं यांत अंतर पडतं. पडदा १६:९ ला ताणू नका, ४:३ ठेवा.

टप्पा ८ : आता चालू करा

कन्सोल बंद. कॅसेट लेबल समोर धरून सरळ खाली, ‘टक्’ लागेपर्यंत. टीव्ही चालू, एव्ही इनपुट निवडा. शेवटी कन्सोलचा स्विच.

- लाल दिवाच नाही : अ‍ॅडॉप्टर किंवा फ्यूज. कॅसेटला हात लावू नका.
- दिवा आहे, पडदा काळा : दुसरी खात्रीची कॅसेट लावा. ती चाललीच तर पहिली पुन्हा साफ करा. तीही नाही चालली तर स्लॉट.
- चित्रात चौकोनी तुकडे, भलतीच अक्षरं : एखाददुसरी पिन मळलेली आहे. पुन्हा टप्पा ५.
- चित्र अंधूक, आवाजात गुणगुण : कन्सोलमधले जुने कपॅसिटर. हे काम जाणकाराकडे द्या.

चालू असताना कॅसेट कधीही ओढू नका, पडदा गोठला असला तरी. आधी स्विच.

रोल-प्लेइंग खेळ इंग्रजीत खेळायचा असेल तर

मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करणं इथे नीट जमत नाही. मोजक्या ठिपक्यांत बसवलेली कांजी (जपानी चित्रलिपी) तो सारखी चुकवतो. चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर पॅच म्हणून, म्हणजे मूळ फाइलमध्ये बदल करणारी छोटी फाइल म्हणून, मिळतं. ते स्वतःच्या कॅसेटमधून उतरवलेल्या फाइलवर लावायचं आणि फ्लॅश कॅसेटवरून (मेमरी कार्डवरची फाइल कन्सोलला चालवून देणारी कॅसेट) चालवायचं.

पॅच लावल्यावर पडदा काळा येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हेडर. जुन्या कॉपी-यंत्रांनी फाइलच्या सुरुवातीला ५१२ बाइट जास्तीचे जोडलेले असतात. त्यामुळे पॅच प्रत्येक बदल ५१२ घरं चुकवून लिहितो. फाइलचा आकार बाइटमध्ये बघा आणि १०२४ ने भागा. बाकी शून्य आली तर हेडर नाही, ५१२ आली तर आहे. उदाहरणार्थ १०,४८,५७६ बाइट म्हणजे हेडर नाही, १०,४९,०८८ म्हणजे आहे. पॅचसोबतच्या माहितीत कोणती फाइल हवी ते लिहिलेलं असतं, तशी करून घ्या. पॅचचे दोन प्रकार असतात : आयपीएस पॅच चुकीच्या फाइलवरही मुकाट्याने लागतो. बीपीएस पॅच आधी फाइल तपासतो आणि नकार देतो. नेहमी मूळ फाइलची प्रत करून तिच्यावरच पॅच लावा. एकदा फसलेल्या प्रतीवर पुन्हा लावू नका.

‘उरुसेइ यात्सुरा’ घेणाऱ्यांसाठी

‘लम नो वेडिंग बेल’ (१९८६) ही फॅमिकॉमची ६० पिनांची कॅसेट आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या टीव्ही गेमचा स्लॉटही ६० पिनांचाच. माळ्यावरचा तो डबा चालू असेल तर ही कॅसेट त्यात बसते. अस्सल फॅमिकॉमच घ्यायचा असेल तर १९९३ चं एव्ही मॉडेल बघा, मूळ फॅमिकॉमला फक्त आरएफ आहे.

‘स्टे विथ यू’ (१९९०) पीसी इंजिनच्या सीडीवर आहे. त्याला सीडी ड्राइव्हबरोबर सिस्टिम कार्ड लागतं. सुपर सिस्टिम कार्ड ३.० घेतलंत तर जुन्या-नव्या दोन्ही सीडी चालतात. ‘डिअर माय फ्रेंड्स’ (१९९४) मेगा सीडीचा. तिथे देशाचं कुलूप असतं, जपानी डिस्कला जपानी मेगा सीडीच हवी. या दोन्ही सीडी संवादांवर चालणाऱ्या आहेत. जपानी येत नसेल तर आधी ‘रान्मा’चा लढतीचा खेळ घ्या.

ठेवायचं कसं

पावसाळ्यात कॅसेट कन्सोलमध्ये खोचून ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह उभी ठेवा. पुड्यांतले निळे दाणे गुलाबी झाले की बदला. कागदी खोका असेल तर त्याला वेगळी प्लास्टिकची पिशवी द्या. कसरीला तो कागद फार आवडतो. सेलवाल्या कॅसेटच्या आत, झाकणाला, सेल बदलल्याची तारीख लिहिलेली छोटी चिठ्ठी चिकटवा.